बाळाच्या हृदयातील छिद्र आणि व्यवस्थेतील छिद्र

गुरुकुंज मोझरीला दरवर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसे जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच वेळेला महाराजांची खंजिरी कायमची थांबली. त्या मौनात एवढी शांतता असते की माणसाला स्वतःच्या छातीतला ठोका ऐकू यावा. या गर्दीत खेड्यापाड्यांतून आलेल्या शेकडो आयाबहिणी असतात आणि त्यांच्या कडेवर लेकरे असतात. त्यातल्या काही लेकरांच्या छातीतला ठोका मात्र नीट पडत नसतो. कुणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असते, कुणाच्या हृदयाची झडप अरुंद असते. आईला ते माहीत नसते, बापाला माहीत नसते आणि गावालाही माहीत नसते.

ही अतिशयोक्ती नाही, साधे गणित आहे. जगभर दर हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते दहा बालके हृदयाचा काही ना काही दोष घेऊन जन्माला येतात. या हिशेबाने आपल्या देशात दरवर्षी दोन लाखांहून अधिक अशी बालके जन्मतात. त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार लागतो. अमरावती जिल्हा या गणिताला अपवाद असण्याचे काही कारण नाही. तिवसा तालुका नाही, मेळघाट नाही आणि अकोल्याची झोपडपट्टीही नाही.

मग ही मुले जातात कुठे? बरीचशी मुले ‘दोन दिवस ताप आला आणि गेलं’ या एका वाक्यात संपतात. काहींच्या बाबतीत ‘बाहेरचं लागलं’ म्हणून दोरे-गंडे बांधले जातात. काहींच्या आईला ‘मागच्या जन्माचं पाप’ म्हणून आयुष्यभर बोलणी खावी लागतात. मूल मेले तर दैव आणि जगले तर नवस! या दोन शब्दांच्या मध्ये विज्ञानाला जागाच उरत नाही. ज्या महाराजांनी खेडोपाडी फिरून अंधश्रद्धेवर कोरडे ओढले, ज्या गाडगेबाबांनी नवसाच्या बोकडासाठी लोकांची हजेरी घेतली, त्यांच्याच वऱ्हाडात आजही लेकराच्या श्वासावर अंगारा लावला जातो. याला काय म्हणावे?

म्हणून आज स्पष्टपणे सांगितले पाहिजे की बाळाच्या हृदयातील छिद्र हे कुणाच्या पापाचे फळ नाही. ते कसे पडते याचे बरेच ज्ञान माणसाजवळ आहे आणि बहुतेक दोष दुरुस्त करता येतात. मूल दगावते ते छिद्रामुळे कमी आणि उशिरामुळे जास्त. आणि हा उशीर सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. त्याला जात आहे, वर्ग आहे, लिंग आहे आणि गावाचे अंतर आहे.

आधी हृदय घडते कसे ते पाहू. गर्भात सर्वात आधी कामाला लागणारा अवयव म्हणजे हृदय. गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी ते धडधडू लागते. त्या वेळी ते आपण चित्रात पाहतो तसे नसते. ती एक साधी नळी असते. ही नळी वाढता वाढता वळते, तिला वेटोळे पडते. मग तिच्या आत पडदे उभे राहतात, झडपा तयार होतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास चार कप्प्यांचे हृदय आकाराला येते. पडदा पूर्ण जुळला नाही तर छिद्र राहते. मोठ्या रक्तवाहिन्या चुकीच्या कप्प्याला जोडल्या गेल्या तर अशुद्ध रक्तच अंगभर फिरत राहते. या सगळ्या बांधकामाची सुरुवात होते तेव्हा पुष्कळ बायांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्या तेव्हा कुणाच्या तरी शेतात निंदण करीत असतात किंवा कापूस वेचीत असतात. हा मुद्दा ध्यानात ठेवा. त्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

हे ज्ञान एका दिवसात आले नाही. कोंबडीच्या अंड्यातले धडधडणारे हृदय पाहून माणसाने सुरुवात केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत झेब्राफिश नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या पट्टेरी माशावर काम चालते. हा मासा मूळचा आपल्याच भारतीय उपखंडातल्या ओढ्यांचा आणि भातखाचरांचा. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असल्याने हृदय घडताना डोळ्यांनी दिसते. त्याच्या हृदयाचा तुकडा कापला तरी ते पुन्हा भरून येते, हे २००२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशावर हृदयाच्या घडणीचे संशोधन चालते. काही दोषांमागची जनुकेही आता माहीत झाली आहेत. म्हणजे विज्ञान थांबलेले नाही. प्रश्न आहे तो हे विज्ञान पुण्याहून मोझरीला पोचते की नाही हा!

आता लक्षणांकडे वळू, कारण ही माहिती प्रत्येक घरात असली पाहिजे. बाळ अंगावर पिताना मध्येच थांबते, दमते आणि त्याच्या कपाळाला घाम येतो. श्वास भरभर चालतो, छातीला खड्डा पडतो. वजन वाढत नाही. पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो. रडताना ओठ, जीभ निळसर होते. थोडे मोठे मूल खेळता खेळता दमून उकिडवे बसते, तसे बसल्याने त्याला बरे वाटते. यातले काहीही दिसले तर अंगारा नव्हे, डॉक्टर गाठला पाहिजे.

इथे एक गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात पुरेशा ठळकपणे येत नाही. ‘निळे बाळ’ हा शब्द गोऱ्या कातडीच्या देशातून आला. आपल्या सावळ्या, काळ्या लेकरांच्या अंगावर तो निळेपणा सहजासहजी दिसत नाही. म्हणून गाल पाहू नका. जीभ पहा, हिरड्या पहा, ओठांची आतली बाजू पहा. कातडीचा रंग यंत्रालाही फसवतो. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर करोनाकाळात खेडोपाडी पोचला. अमेरिकेत २०२० मध्ये मोठ्या माणसांवर झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की प्राणवायू धोकादायकरीत्या कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असे गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांच्या बाबतीत जवळजवळ तिप्पट वेळा घडले. यंत्राला जात कळत नाही हे खरे. पण यंत्र कुणाला समोर ठेवून बनवले गेले याला महत्त्व आहे. आकडा ठीक असला आणि लेकरू दमत असले तर लेकरावर विश्वास ठेवा.

उशीर झाला तर काय होते? हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला मोठे छिद्र असेल तर जादा रक्त फुप्फुसांत घुसते. सुरुवातीला वारंवार खोकला, न्यूमोनिया होतो. या वेळी, म्हणजे पहिल्या वर्षातच, छिद्र बंद केले तर मूल पुढे इतर मुलांसारखे शाळेत जाते, कबड्डी खेळते. पण दुर्लक्ष झाले तर त्या दाबाखाली फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या हळूहळू कडक होत जातात. काही वर्षांनी अशी पायरी येते की रक्ताचा प्रवाहच उलटतो आणि मूल निळे पडू लागते. तेव्हा छिद्र बंद केले तर उलट जीव जातो. डॉक्टर मान हलवतात आणि म्हणतात, ‘आधी आणायचं होतं.’ हे तीन शब्द ऐकून परतणारे आईबाप कोण असतात? ते बहुतेक वेळा आपलेच असतात.

या उशिराशी झुंजणाऱ्या विज्ञानाचा इतिहास पाहिला तर एक विलक्षण गोष्ट समोर येते. ती आपल्या समाजातील प्रत्येक विद्यार्थ्याने वाचली पाहिजे.

१९४४ पर्यंत निळ्या बाळांसाठी जगात कोणताही इलाज नव्हता. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टॉसिग नावाच्या बालहृदयरोगतज्ज्ञ होत्या. त्या बाई, म्हणून हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना वर्गात बसू दिले असते, पण पदवी दिली नसती. पुढे त्यांना ऐकू येईनासे झाले, तेव्हा त्या बाळाच्या छातीवर बोटे ठेवून हृदयातला आवाज ‘ऐकत’ असत. फुप्फुसांकडे जाणारे रक्त वाढवले तर ही बाळे वाचतील, ही कल्पना त्यांची. शस्त्रक्रिया करणारे सर्जन होते आल्फ्रेड ब्लॅलॉक. पण ही शस्त्रक्रिया प्रत्यक्षात कशी करायची, हे प्रयोगशाळेत शोधून काढणारा माणूस तिसराच होता. त्याचे नाव व्हिवियन थॉमस.

थॉमस हे काळे. १९१० साली लुइझियाना राज्यात एका सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. डॉक्टर व्हायचे म्हणून त्यांनी सुतारकाम करून पै-पै साठवली. महामंदीत बँक बुडाली आणि शिक्षणाचे पैसेही बुडाले. १९३० मध्ये ते ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. काम संशोधन सहायकाचे, पण वेतनपत्रकावर हुद्दा काय? सफाई कामगार! याच माणसाने कुत्र्यांमध्ये आधी निळेपणाचा आजार निर्माण केला आणि मग हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडून तो बरा करून दाखवला. सुमारे दोनशे प्रयोग केले. एवढ्या बारीक वाहिन्या शिवायला लागणारी उपकरणेही स्वतः घडवली.

२९ नोव्हेंबर १९४४. शस्त्रक्रियेच्या टेबलावर पंधरा महिन्यांची, जेमतेम चार किलो वजनाची एक मुलगी होती. ब्लॅलॉक यांनी ही शस्त्रक्रिया आधी कधीच केलेली नव्हती. त्यांच्या खांद्यामागे एका स्टुलावर थॉमस उभे होते आणि टाका कुठे घालायचा, कोणत्या दिशेने घालायचा हे सांगत होते. ती मुलगी त्या शस्त्रक्रियेतून वाचली, पण काही महिन्यांनी दगावली. मात्र वाट सापडली. त्यानंतर हजारो निळी बाळे गुलाबी झाली. मे १९४५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात लेख आला. त्यावर दोन नावे होती, ब्लॅलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचे नाव नव्हते. शस्त्रक्रियेला नाव मिळाले ‘ब्लॅलॉक-टॉसिग शंट’. थॉमस मात्र जास्तीच्या पैशांसाठी ब्लॅलॉक यांच्याच घरच्या पार्ट्यांत पेये वाढत होते आणि त्या पार्ट्यांना आलेल्या ज्या तरुण डॉक्टरांचे पेले भरत होते, त्यांनाच दिवसा शस्त्रक्रिया शिकवत होते.

१९७६ मध्ये त्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तीही वैद्यकाची नव्हे, कायद्याची! २६ नोव्हेंबर १९८५ रोजी ते गेले. आपल्याकडे हा दिवस संविधान दिन आहे. आता आताशा कुठे वैद्यकीय जगत त्या शस्त्रक्रियेला ‘ब्लॅलॉक-थॉमस-टॉसिग शंट’ म्हणू लागले आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात याच अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्युबॉय यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतील निग्रो व भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतले साम्य नमूद केले. थॉमस यांची कहाणी वाचली की ते साम्य किती खोल होते हे कळते. हातांचे कौशल्य हवे, पण त्या हातांच्या मालकाला दर्जा नको!

आता कुणी म्हणेल, ही अमेरिकेची गोष्ट झाली, आमच्या खेड्याचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे आणि तो आपल्याच विदर्भातल्या संशोधनाने दाखवून दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या, थोड्याफार शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग ओळखणे, औषध देणे, ही सगळी कामे त्या बाया करू लागल्या. ३९ गावांत हा प्रयोग झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले! हा प्रयोग हृदयरोगाचा नव्हता, हे खरे. पण त्याने एक गोष्ट कायमची सिद्ध केली. ज्या बाईला व्यवस्था ‘अडाणी’ म्हणते, तिच्या हातात साधन आणि डोक्यात प्रशिक्षण दिले तर ती बाळाचा जीव वाचवते.

याच प्रयोगातून पुढे देशभर आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत आशाताई सहा वेळा घरी येते. म्हणजे मोझरीच्या वस्तीतल्या बाळाच्या छातीजवळ सर्वात आधी आणि सर्वात जास्त वेळा पोचणारा आरोग्यव्यवस्थेचा हात तिचा आहे. आणि तिचा हुद्दा काय? ‘स्वयंसेविका’! तिला पगार नाही, ‘मोबदला’ आहे. सरकारच्या लेखी ती कर्मचारीच नाही. थॉमस यांच्या वेतनपत्रकावरचा ‘सफाई कामगार’ आणि आशाताईच्या कपाळावरची ‘स्वयंसेविका’ यांत फरक तो काय? या बायांना, अंगणवाडी सेविकांना २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले, मोर्चे काढावे लागले. त्या स्वतःच्या भाकरीसाठी लढत होत्या, हे तर खरेच. पण ती लढाई आपल्या लेकरांच्या हृदयाचीही होती, हे आपल्याला कळले का?

कागदावर योजना कमी नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताचा हृदयरोग दोन्ही त्या यादीत आहेत. शस्त्रक्रियेसाठी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. २०२३ मध्ये तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. या योजनांमुळे कित्येक मुले वाचली, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण छिद्र कुठे आहे ते पहा. समजा, मोझरीजवळच्या एखाद्या वस्तीत शेतमजूर कुटुंबात मूल जन्मले. दुभंगलेला ओठ असेल तर जन्मतःच दिसतो, वाकडा पाय दिसतो. हृदयातले छिद्र बाहेरून दिसत नाही. गर्भातून बाहेर आल्यावर हृदयाजवळची एक जोडवाहिनी बंद व्हायला एक ते तीन दिवस लागतात. तोवर काही गंभीर दोष झाकलेलेच राहतात आणि बाळ गुटगुटीत दिसते. नेमके याच वेळी आईला घरी सोडतात. पुढची तपासणी पथकाची गाडी अंगणवाडीत येईल तेव्हा! तोवर बाळाला दोनदा न्यूमोनिया झालेला असतो. मग तालुक्याचे रुग्णालय, तिथून अमरावतीचे इर्विन किंवा डफरीन, तिथून हृदयाच्या सोनोग्राफीसाठी तारीख, तिथून नागपूर. प्रत्येक पायरीवर एक कागद, एक झेरॉक्स, एक बुडालेली मजुरी. बाळाचे नाव शिधापत्रिकेवर नाही, तर ते चढवा! बापाने मजुरी सोडायची की लेकरू सोडायचे?

मेळघाटात तर ही शिडी आणखी लांब होते. तिथे बाळाचे पोट फुगले, श्वास चढला की ‘डंबा’ म्हणून पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याची रीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाला ६५ चटके दिल्याची बातमी आली आणि शहरातले लोक आदिवासींच्या अज्ञानावर हळहळले. अज्ञान वाईटच. कायद्याने ते थांबवलेच पाहिजे. पण चढलेला श्वास ही न्यूमोनियाची किंवा हृदयाचीही खूण असू शकते, हे सांगणारा डॉक्टर त्या पाड्यापासून किती कोसांवर आहे, हा प्रश्न विचारायला कुणी तयार नाही. जिथे दवाखाना पोचत नाही तिथे विळा पोचतो.

आणि ते मूल मुलगी असेल तर? दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की हृदयाच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिल्यानंतर वर्षभरात ७० टक्के मुलांची शस्त्रक्रिया झाली, मुलींची मात्र ४४ टक्केच. ‘छातीवर टाके दिसतील, लग्न कसं होईल?’ हा प्रश्न मुलीच्याच आईबापाला पडतो. सावित्रीमाई आणि रमाईचे नाव घेणाऱ्या आपल्या घरांतही हा हिशेब होत असेल, तर जयंतीच्या मिरवणुकीला काय अर्थ आहे? शस्त्रक्रियेचा व्रण झाकायची नव्हे, अभिमानाने सांगायची खूण आहे.

आता त्या राहिलेल्या मुद्द्याकडे येऊ. हृदय पहिल्या आठ आठवड्यांत घडते, म्हणजे बाळाच्या हृदयाची काळजी आईपासून सुरू होते. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात आले की गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेलाचा ताप आलेल्या बायांची बाळे मोतीबिंदू घेऊन जन्मतात आणि त्यातल्या अनेकांच्या हृदयातही दोष असतो. याच रुबेलाची लस महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून मोहीम काढून शाळाशाळांत दिली गेली. तेव्हा अफवा पसरवून आपल्या वस्त्यांतल्या लोकांना घाबरवले गेले. ती लस आजच्या मुलीला दिली की उद्याच्या बाळाचे हृदय वाचते. गरोदरपणाआधीपासून नियंत्रणात असलेली साखर, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, फिट्स आणि इतर काही औषधांबाबत आधीच डॉक्टरांचा सल्ला, तंबाखू-खर्ऱ्यापासून दूर राहणे, हे सगळे आईच्या हिताचे आहे आणि त्यातल्या पहिल्या काही गोष्टींचा तर बाळाच्या हृदयाशी थेट संबंध आहे. नात्यातल्या नात्यात, मामा-भाचीत, आते-मामे भावंडांत लग्ने करण्याने असे दोष वाढतात, हेही संशोधन सांगते. सोयरीक जुळवताना याचा विचार झालाच पाहिजे.

पण सगळा भार आईच्या शहाणपणावर टाकून व्यवस्थेने मोकळे होऊ नये. वऱ्हाडातल्या कापसाच्या, सोयाबीनच्या शेतात तणनाशके, कीटकनाशके आली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, हे आपण विसरलो नाही. अमेरिकेत बाल्टिमोर-वॉशिंग्टन भागात झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तणनाशक व उंदीरनाशकांच्या संपर्कात आलेल्या आयांच्या बाळांमध्ये हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल होण्याचा दोष अधिक आढळला होता. एका अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. म्हणूनच तर अशी मोजणी आपल्या मातीत झाली पाहिजे. त्या फवारलेल्या रानात पहिल्या आठ आठवड्यांचा गर्भ पोटात घेऊन राबणारी बाई बहुतेक वेळा भूमिहीन असते, दलित असते, आदिवासी असते. अमरावती, नागपूर, वर्ध्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने एकत्र येऊन हा विषय हाती घेतला तर वऱ्हाडाच्या प्रश्नाला वऱ्हाडातच उत्तर मिळेल.

बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना हीच भूमिका घेतली होती. बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आज संघटित क्षेत्रातल्या नोकरदार बाईला भरपगारी रजा आहे. वेचणीच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईला काय आहे? मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठी पाच हजार रुपये. तेवढ्यात किती दिवस चूल पेटते?

जन्मजात दोषांखेरीज बालपणीच लागणारा आणखी एक हृदयरोग आहे, तो तर सरळ गरिबीचा रोग आहे. घसा दुखतो, ताप येतो, मग सांधे सुजतात आणि जंतूंशी लढता लढता शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपा खराब करते. दाटीवाटीच्या घरांत, एका खोलीत सहा-सात जण झोपतात तिथे हा पसरतो. श्रीमंत देशांतून तो जवळपास हद्दपार झाला. इलाज काय? घसादुखीला वेळीच पेनिसिलिन आणि एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला तर दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षे पेनिसिलिनचे इंजेक्शन. औषध जुने आहे, स्वस्त आहे. ते वेळेवर न मिळाल्याने मुलीला विसाव्या वर्षी झडप बदलावी लागते. घरकुलाचा प्रश्न हा हृदयाचाही प्रश्न आहे, तो असा.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. प्रत्येक बाळंतपणाच्या ठिकाणी, बाळ चोवीस तासांचे झाल्यावर आणि घरी सोडण्याआधी, त्याच्या उजव्या हाताला आणि एका पायाला नवजात बाळासाठीचा ऑक्सिमीटर लावून प्राणवायू मोजलाच पाहिजे. आकडा ९५ च्या खाली असला किंवा हातापायांत तीनपेक्षा जास्त फरक असला तर पुढची तपासणी झाली पाहिजे. अमेरिकेने २०११ मध्ये ही तपासणी नवजात बालकांच्या शिफारस केलेल्या यादीत घातली. काही मिनिटांचे हे काम आहे. आशाताईला बाळाचा श्वास, जीभ, वजन आणि अंगावर पिण्याची पद्धत यावरून हृदयदोषाचा संशय घेण्याचे प्रशिक्षण द्या, साधन द्या आणि तिला कर्मचाऱ्याचा दर्जा व पगार द्या. अमरावतीत मुलांच्या हृदयाची सोनोग्राफी नियमित होईल अशी कायमची सोय करा. शस्त्रक्रियेला जाणाऱ्या आईबापाला प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्या.

नया रायपूरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. अशा कामाचे मोल कमी नाही. पण दानावर जगणारे हृदय आणि हक्काने धडधडणारे हृदय यांत फरक आहे. संविधानाच्या ४७ व्या कलमाने लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानले आहे. ते कर्तव्य मागण्यासाठी कुणापुढे हात जोडण्याची गरज नाही.

आणि आपण काय करायचे? विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे काढा. गावातल्या आशाताईला, अंगणवाडीच्या ताईला समोर बसवा आणि बाळाची लक्षणे सगळ्या आयाबहिणींना समजावून सांगायला लावा. आपल्यातल्या शिकलेल्या तरुणांनी योजनेचे कागद भरून देण्याचे काम अंगावर घ्यावे. परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, डॉक्टर, संशोधक व्हायचे स्वप्न पाहणाऱ्या मुलामुलींना व्हिवियन थॉमस यांची गोष्ट सांगा. तेही सुताराचे पोर होते, डॉक्टर होऊ दिले गेले नाही, तरी जगाला टाका घालायला त्यांनी शिकवले. आपल्या पोरांना स्टुलावर मागे उभे राहायची पाळी येऊ नये, त्यांचे नाव लेखावर पहिले यावे, यासाठीच शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा, असे सांगितले गेले आहे. बाळाच्या हृदयातील छिद्र डॉक्टर बुजवतील. व्यवस्थेतील छिद्र मात्र आपल्यालाच बुजवावे लागेल.